नेपल्ससाठी चार दिवस आहेत, तर मुक्काम तिथेच करा

ताई, आधी तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात मांडतो. ऑक्टोबरात तुम्ही, तुमचे मिस्टर आणि जर्मनीत शिकणारी लेक असे तिघं इटलीला चालला आहात. रोम झाल्यावर चार दिवस उरतात. लेकीला नेपल्स बघायचंय, पण ओळखीतले सगळे म्हणतात की शहर घाणेरडं आहे, चोरांचा सुळसुळाट आहे, त्यापेक्षा रोमहून सकाळी निघून ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पॉम्पेई करा आणि संध्याकाळी परत या. मिस्टरांचे गुडघे दुखतात. तुम्ही दोघं शाकाहारी. तर नेपल्सला राहावं का, आणि राहिलात तर काय बघावं?

राहा. चारही रात्री तिथेच राहा. मी गेली १८ वर्षं मराठी मंडळींचे गट इटलीला नेतोय आणि पहिली सहा-सात वर्षं मीसुद्धा नेपल्सच्या वाट्याला दोनच तास ठेवत होतो. बंदराजवळ बस थांबवायची, किल्ल्यासमोर फोटो, एक पिझ्झा, की गाडी पॉम्पेईकडे. एका वर्षी संपामुळे आमची बस आलीच नाही. इटलीत संप आधी जाहीर होतात, पण ती बातमी आमच्यापर्यंत पोचली नव्हती. बावीस माणसं आणि अख्खा दिवस मोकळा. नाइलाजानं सगळ्यांना घेऊन जुन्या शहरातला एक रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. मधे मधे देवळात शिरावं तसं चर्चमध्ये शिरलो, जिने उतरून जमिनीखाली गेलो, उभ्यानं कॉफी प्यायलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या शहरात बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याचे रस्तेच आहेत.

आता जरा खुलासा करतो, कारण हे कळलं तर बाकीचं नेपल्स आपोआप उलगडतं. इथे आधी टेकडीवर आणि समुद्रालगत पार्थेनोपे नावाची ग्रीकांची छोटी वस्ती होती. मग इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास जवळच्याच क्यूमी या ग्रीक वसाहतीतल्या लोकांनी शेजारी नवं शहर आखलं. ग्रीक भाषेत नवं शहर म्हणजे ‘नेआपोलिस’, त्याचंच पुढे नापोली झालं. त्यांनी पूर्व-पश्चिम असे तीन लांब समांतर रस्ते काढले आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या अरुंद गल्ल्या. जवळजवळ अडीच हजार वर्षं झाली, ते तीनही रस्ते जागेवर आहेत. कठडा घालून जपलेले अवशेष म्हणून नव्हेत. त्यांच्यावरून आज मुलं शाळेत जातात, गॅसचे सिलिंडर येतात, वराती आणि अंत्ययात्रा निघतात. युनेस्कोनं १९९५ साली हे जुनं शहर जागतिक वारशात घेतलं, त्यात या आखणीचा मोठा वाटा आहे.

पोचल्याबरोबर गल्ल्यांत शिरू नका. सामान ठेवा, थोडा आराम करा आणि दुपारी चारच्या सुमारास मोन्तेसान्तोहून फ्युनिक्युलर धरून व्होमेरो टेकडीवर जा. फ्युनिक्युलर म्हणजे उतारावरून दोरानं ओढली जाणारी रेल्वे. गावातल्या लोकांची ती रोजची गाडी आहे, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. वर सान मार्तिनोचा जुना मठ आणि सान्त एल्मो किल्ला आहे. वेळ कमी असेल तर आत नाही गेलात तरी चालेल. मठासमोरच्या मोकळ्या चौकात कठड्याशी उभं राहून खाली बघा. पिवळट-करड्या घरांच्या दाट गर्दीतून सुरीनं चिरा मारावा तशी एक सरळ रेघ गेलेली दिसेल. तीच स्पाकानापोली, म्हणजे ‘नेपल्स चिरणारी’. ग्रीकांच्या तीन रस्त्यांपैकी सगळ्यात खालचा, दक्षिणेकडचा रस्ता. पलीकडे दोन उंचवट्यांचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि उजवीकडे समुद्र. मिस्टरांना ती रेघ बोटानं दाखवा. दुसऱ्या दिवशी तिच्या आतून चालायचंय.

वरून बघताना आणखी एक प्रश्न पडेल: इतकी उंच घरं आणि इतक्या अरुंद गल्ल्या का? स्पेनच्या राज्यात, सोळाव्या शतकात, तटाबाहेर घरं बांधायला बंदी घातली गेली. माणसं मात्र येतच राहिली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नेपल्स युरोपातल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक होतं. बाहेर जाता येईना, म्हणून लोक मजल्यावर मजले चढवत गेले. त्याच दाटीत १६५६ साली प्लेग शिरला आणि शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं गेली. गल्लीत उभं राहून वर बघितलं की आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते. लोक या दाटीला नुसती गजबज म्हणतात, पण तिच्यामागे हा सगळा इतिहास आहे.

दुसरा दिवस चालण्याचा. सकाळी साडेआठ-नऊला जेझू नुओव्हो चर्चच्या चौकातून सुरुवात करा. या चर्चचा दर्शनी भाग चर्चसारखा वाटतच नाही, कारण ती मुळात १४७० सालची एका सरदाराची हवेली. दगडावर हिऱ्यासारखे टोकदार पैलू काढलेत, सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पैलूची वेगळी सावली पडते. समोरच साँता कियारा. ४ ऑगस्ट १९४३च्या बॉम्बहल्ल्यात हे चर्च जळून गेलं होतं. आज दिसतं ते त्यानंतर उभं केलेलं, म्हणून आतून इतकं साधं. पण मागचं अंगण चुकवू नका. तिथले खांब आणि बाकं अठराव्या शतकातल्या रंगीत चिनी मातीच्या फरशांनी मढवलेली आहेत, पिवळी-निळी-हिरवी. बाकांवर शेतकरी, कोळी, नाचणारी माणसं रंगवली आहेत. गुडघ्यांना पहिली विश्रांती इथे द्या.

तिथून पूर्वेला चालत राहिलात की काही मिनिटांवर डावीकडे सानसेव्हेरोचं छोटं प्रार्थनाघर लागतं. तिकीट आजच, म्हणजे खरंच आज, ऑनलाइन काढून ठेवा. आयत्या वेळी मिळत नाही आणि मंगळवारी ते बंद असतं. आत मधोमध जुझेप्पे सानमार्तिनोनं १७५३ साली घडवलेला वस्त्र पांघरलेला ख्रिस्त आहे. एकाच संगमरवरी शिळेतून मृत देह, त्याखालची गादी आणि त्यावरचं झिरझिरीत कापड असं सगळं कोरलंय. कपाळावरची शीर कापडाखालून दिसते, नाकपुडीपाशी कापड आत ओढल्यासारखं वाटतं. इतकं, की तो घडवून घेणाऱ्या राजकुमारानं काही रसायन वापरून खऱ्या कापडाचा दगड केला, अशी दंतकथा गावात कितीतरी पिढ्या चालली. तसं काही नाही, तो निव्वळ छिन्नीचा हात आहे. फोटो काढू देत नाहीत, आणि ते मला पटतं. तिथे दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं.

पुढे सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही आडवी गल्ली. येशूजन्माचे देखावे बनवणाऱ्या कारागिरांची. गणपतीच्या आधी पेणला गेला असाल तर तो वास आणि ती लगबग तुम्हाला ओळखीची वाटेल. भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, बुचाच्या सालीची घरं, बोटाएवढ्या टोपल्यांत मटारएवढी वांगी. ऑक्टोबरात नाताळची तयारी सुरू झालेली असते आणि गर्दी अजून चढलेली नसते, ही तुमच्या तारखांची जमेची बाजू. घ्यायचंच तर रस्त्यावरच्या रांगेत मांडलेलं न घेता, आत बसून काम करणाऱ्या माणसाकडून घ्या.

ही गल्ली वर चढते आणि मधल्या रस्त्याला, व्हिया देई त्रिबुनालीला, सान गाएतानो चौकात मिळते. ग्रीकांचा बाजारचौक इथेच होता, रोमन काळात त्याचा फोरम झाला. चौकातल्या सान पाओलो माज्जोरे चर्चकडे बघा. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन उंच पन्हळीदार खांब दिसतील, बाकीच्या इमारतीशी अजिबात न जुळणारे. ते चर्चचे नाहीतच. कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांच्या रोमन मंदिराचे ते खांब आहेत. मंदिराचं चर्च झालं तरी पुढचा मंडप तसाच उभा होता, १६८८च्या भूकंपात तो कोसळला आणि हे दोन उरले. त्या बसशिवायच्या दिवशी आमच्या गटातल्या निवृत्त मुख्याध्यापिका चर्चची पायरी चढून त्या खांबाला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या. खाली उतरल्यावर म्हणाल्या, ‘देव बदलला, पायरी तीच राहिली.’ मी त्यानंतर प्रत्येक गटाला त्या पायरीवर नेतो.

समोर सान लोरेन्झो माज्जोरे. त्याच्या पोटात उतरा. काही पायऱ्या खाली गेलं की एक आख्खी रोमन बाजारगल्ली आहे, दुकानांचे गाळे, दगडी कट्टे, वरची कमान, सगळं जागच्या जागी. वर चर्च, खाली बाजार, आणि त्याच्याही खाली ग्रीकांचा दगड.

त्याच चौकात जमिनीखालच्या पोकळ्यांची मार्गदर्शकासोबतची फेरी मिळते. इथे मिस्टरांसाठी सावधगिरी सांगतो: शंभराहून जास्त पायऱ्या उतरून जवळजवळ चाळीस मीटर खाली जायचं आणि तेवढंच चढून यायचं. गुडघे साथ देत नसतील तर तुम्ही आणि लेक जा, त्यांना सान लोरेन्झोच्या बाजारावर समाधान मानू द्या, ते कमी नाही. खाली काय आहे? नेपल्स ज्या पिवळ्या दगडावर उभं आहे तो टफ, ज्वालामुखीच्या राखेचा झालेला. आपल्या जांभ्यासारखे त्याचे चिरे सहज कापता येतात. ग्रीकांनी जमिनीखालूनच दगड काढला आणि वर घरं-तट बांधले. झालेल्या पोकळ्यांत रोमनांनी पाणी खेळवलं. ती टाकी आणि कालवे एकोणिसाव्या शतकापर्यंत शहराला पाणी पाजत होते. प्रत्येक वाड्यातून एक विहीर थेट खाली उतरायची. १८८४च्या पटकीच्या साथीनंतर ते बंद झालं. मग दुसऱ्या महायुद्धात हीच टाकी बॉम्बहल्ल्यांपासून लपायची जागा झाली. म्हणजे शहर ज्या खड्ड्यातून वर आलं, त्याच खड्ड्यानं त्याला पाणी दिलं आणि आसराही दिला.

या फेरीतच एका तळमजल्याच्या खोलीत नेतात. अशा एकखणी, थेट गल्लीत दार उघडणाऱ्या घरांना तिथे ‘बास्सो’ म्हणतात. पलंग बाजूला सरकवला की खाली झडप, आणि झडपेखाली रोमन नाट्यगृहाचा भाग. नेपल्सच्या नाट्यगृहात सम्राट नीरो गायला होता, भूकंपानं इमारत हलली तरी त्यानं गाणं थांबवलं नव्हतं, असं रोमन लेखकांनी नोंदवून ठेवलंय. एरवी गल्लीतून चालताना जे बास्सो दिसतील त्यांच्या आत डोकावून फोटो काढू नका. दार उघडं असलं तरी ते कुणाचं तरी स्वयंपाकघर आणि झोपायची खोली आहे. मी गटातल्या माणसांना हे दर वेळी सांगतो आणि याबाबत मी कडक आहे.

त्रिबुनालीवरच पूर्वेला थोडं पुढे पियो मोन्ते देल्ला मिझेरिकॉर्दिया नावाची १६०२ सालची धर्मादाय संस्था आहे. कित्येक लोक दारावरून निघून जातात. आत वेदीवर काराव्हाज्जोचं ‘दयेची सात कृत्यं’ हे चित्र आहे, १६०७ सालचं. रोममध्ये हातून खून झाल्यावर तो पळून इथे आला होता. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, प्रवाशाला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट, मेलेल्याला मूठमाती, ही सातही कृत्यं त्यानं एकाच अंधाऱ्या गल्लीत कोंबली आहेत. डावीकडे प्रवासी, मागे प्रेताचे फक्त दोन तळपाय, उजवीकडे तुरुंगाच्या गजांतून बापाला स्वतःचं दूध पाजणारी मुलगी आणि म्हाताऱ्याच्या दाढीवर दुधाचा थेंब. बाहेर आलात की तीच गल्ली, तोच उजेड. चित्र ज्या जागेसाठी काढलं तिथेच चारशे वर्षं आहे, आणि संस्थेचं काम अजून चालू आहे. युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहालयांपेक्षा मला ही जागा जास्त प्रिय आहे.

कॅथेड्रल, म्हणजे दुओमो, जवळच आहे. सान जेन्नारोच्या कुप्यांतलं गोठलेलं रक्त वर्षातून तीनदा पातळ होतं अशी तिथली श्रद्धा. मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी, १९ सप्टेंबरला आणि १६ डिसेंबरला. तुमच्या तारखा त्यात बसत नाहीत, तरी संताचं दालन बघून या. एक लक्षात ठेवा, बरीचशी चर्च दुपारी साडेबारा-एकपासून चारपर्यंत बंद असतात. सकाळी चर्च, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी पुन्हा पाय मोकळे, हा तिथला दिवस आहे. त्यात स्वतःला बसवून घ्या, गुडघेही खूश राहतील.

आता खाणं, कारण शाकाहारी माणसानं नेपल्सची धास्ती घ्यायचं काही कारण नाही, पण डोळे उघडे ठेवायला हवेत. पिझ्झा मारिनारा मागा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीजसुद्धा नाही. पिझ्झेरिया चांगली आहे का हे मी मारिनारावरूनच ठरवतो, कारण त्यात लपवायला काही नसतं. मार्गेरिता तर आहेच. लाकडाच्या भट्टीत, ४८५ अंशांच्या आसपास, साठ ते नव्वद सेकंदांत तो भाजला जातो. कडा फुगलेली, त्यावर काळे फोड, मधला भाग मऊ, ओलसर. काही जण मला म्हणतात की कच्चा राहिला. नाही, तो तसाच असतो. आपली भाकरी चुलीवर फुगताना बघितलेल्या माणसाला त्या पीठवाल्याचा हात बघायला आवडेल. २०१७ साली युनेस्कोनं ती कला अमूर्त वारसा म्हणून नोंदवली आहे.

धोका कुठे आहे? डुकराच्या चरबीत. तिला तिथे ‘स्त्रुत्तो’ किंवा ‘सुन्या’ म्हणतात. मिरी घातलेले खुसखुशीत ताराल्ली दिसायला आपल्या खाऱ्या शंकरपाळ्यांसारखे निरागस, पण पारंपरिक कृतीत चरबी असते. पापुद्र्यांच्या स्फोल्यातेल्लातही बहुधा असते. तळलेल्या पिझ्झ्यात रिकोत्ताबरोबर ‘चिकोली’ म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, चरबी मांसात मोजत नाहीत. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा स्त्रुत्तो’ असं तीन तुकड्यांत सांगा: मांस नको, मासे नकोत, चरबी नको. बाबा नावाच्या केकमध्ये रम मुरवलेली असते, तेही आधीच सांगून ठेवतो. आणि चीजच्या बाबतीत काटेकोर असाल तर पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं, म्हणून मारिनाराच बरा. पोटभर जेवणासाठी वांग्याची पार्मिज्याना, घेवड्याचा पास्ता, फ्रियारिएल्ली ही कडसर पालेभाजी बघा. ही भाजी सॉसेजबरोबर वाढतात, नुसती मागा. मेथी आवडणाऱ्या घरात ती नक्की आवडेल.

कॉफी काउंटरशी उभं राहून प्यायची. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवायची. आधी पाण्याचा छोटा ग्लास मिळतो, तो कॉफीच्या आधी प्यायचा, तोंड स्वच्छ व्हावं म्हणून. ‘काफे सोस्पेझो’ ही तिथली जुनी रीत आहे: एक कॉफी प्यायची, दोनचे पैसे द्यायचे, दुसरी पुढे येणाऱ्या कुणा गरजूसाठी. एकदा करून बघा.

चोऱ्यांबद्दल खरं सांगतो. खिसेकापू आहेत, मारहाणीची भीती पर्यटकाला सहसा नसते. आमच्या गटातल्या एका काकांचं पाकीट आणि पासपोर्ट पॉम्पेईकडे जाणाऱ्या खचाखच गाडीत गेला. दोष थोडा माझाही, मी सगळ्यांना एकाच डब्यात कोंबलं होतं. मग पोलिसांत तक्रार, रोमच्या भारतीय दूतावासात खेपा, दोन दिवस गेले. तेव्हापासूनचे माझे नियम सांगतो. मंगळसूत्र, पाटल्या, चेन घरी ठेवून जा. काळ्या मण्यांची साधी पोत घाला. पासपोर्ट मुक्कामावर, खिशात त्याची प्रत. पर्स पुढे आणि भिंतीच्या बाजूला, स्कूटरच्या बाजूला नाही. मोबाइल हातात धरून चौकात नकाशा बघत उभं राहू नका, दुकानाच्या आत जाऊन बघा. रेल्वे स्टेशनसमोरच्या गारिबाल्दी चौकात मुक्काम नको. दान्ते, तोलेदो किंवा युनिव्हर्सिता या मेट्रो स्टेशनांच्या आसपास जागा घ्या. आणि जागा घेताना कितवा मजला, लिफ्ट आहे का, हे लेखी विचारा. बरीच घरगुती लॉज जुन्या वाड्यांच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतात, आणि काही वाड्यांत लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं. गल्ल्यांतली फरशी व्हेसुव्हियसच्या लाव्हाची, पावसात गुळगुळीत होते. ऑक्टोबरात पाऊस येतो, तेव्हा चांगल्या तळव्याचे बूट हवेतच. रस्ता ओलांडताना मधेच थबकू नका, धावूही नका, एका चालीनं चला. स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन वळतात.

तिसरा दिवस पॉम्पेईचा की त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या एर्कोलानोचा? पॉम्पेई ६६ हेक्टरांवर पसरलंय, सावली कमी, उंच-सखल दगडी रस्ते. नावावर तिकीट असतं आणि दिवसाला २० हजारांहून जास्त लोक सोडत नाहीत. मिस्टरांचे गुडघे बघता मी एर्कोलानो सुचवेन. गाडीनं वीसेक मिनिटं, स्टेशनपासून सरळ उताराचा रस्ता, आणि दोन-तीन तासांत निवांत बघून होतं. इसवी सन ७९च्या उद्रेकात पॉम्पेईवर आधी राख-दगडांचा पाऊस पडला आणि छपरं कोसळली. एर्कोलानोवर तप्त राखेचे लोट येऊन सगळं गाडलं गेलं, म्हणून तिथे वरचे मजले, जळून कोळसा झालेल्या लाकडी खाटा, सरकती दारंसुद्धा टिकली. काप्री बेट या खेपेला सोडा. बोटीत आणि रांगेत दिवस जातो.

आणि चौथा दिवस, जो मी तुमच्यासाठी मुद्दाम वेगळा ठेवलाय. तुम्ही लिहिलंय की तुमचं माहेर लातूर. नेपल्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेवढं जुळवून घ्या आणि सकाळी तिथे जा. खाली फार्नेझे संग्रहातला अजस्र हर्क्युलिस बघा, मग मधल्या मजल्यावर जा. तिथे एक ‘गुप्त दालन’ आहे. पॉम्पेईत सापडलेल्या शृंगारिक वस्तू एके काळी कुलपात ठेवत, ती ही जागा. तिथे हस्तिदंताची एक मूर्ती आहे, वीतभरापेक्षा थोडी उंच. उभी स्त्री, अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, पण दागिने बघा: मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पायांत भरगच्च वाळे, कमरेला मेखला, गळ्यात हार, पाठीवर वेणी. दोन्ही बाजूंना तिच्या कमरेएवढ्या दोन दासी. १९३८ साली पॉम्पेईतल्या एका घरात ती सापडली. इटालियन लोक तिला लक्ष्मी म्हणतात, अभ्यासकांचा कल यक्षी मानण्याकडे आहे.

ती आपल्याकडची आहे. अशाच घडणीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाल्या आहेत, जालना जिल्ह्यातलं भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर. म्हणून ही मूर्ती सातवाहनांच्या मुलुखात घडली असावी असं अनेक जाणकार मानतात. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात त्याचं नाव येतं: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर. तिथला माल गाड्यांतून भडोचला जायचा, तिथून जहाजानं तांबड्या समुद्रात, मग नाईलवरून अलेक्झांड्रियाला, आणि पुन्हा जहाजानं नेपल्सशेजारच्या पोझ्झुओली बंदरात. पॉम्पेईची ही मूर्ती आली असेल तर अशाच वाटेनं आली असेल.

दुपारी ते बंदरही बघून या, मेट्रोच्या २ नंबर लाइननं जाता येतं. पोझ्झुओलीतली जमीन ज्वालामुखीमुळे शेकडो वर्षं खाली-वर होत आली आहे. १९८२ ते ८४ या काळात ती सुमारे १.८ मीटर वर आली. भूकंपाचे धक्के अजून बसतात, तेव्हा निघण्यापूर्वी गाड्या चालू आहेत ना ते बघा. बंदराजवळ जुन्या रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत, रस्त्यावरूनही दिसतात. त्यांच्या मधोमध, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, बारीक भोकांचा पट्टा आहे. समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेली ती भोकं. म्हणजे खांब तेवढे पाण्यात बुडाले होते आणि न पडता पुन्हा वर आले. लेकीला आधी न सांगता ते खांब दाखवा आणि विचारा की भोकं कशी पडली असतील.

शेवटची एक विनंती. निघायच्या आधी माहेरी जाणं होणारच असेल तर लातूरहून तेरला एक चक्कर मारा. तिथल्या लामतुरे संग्रहालयात तिथे सापडलेली हस्तिदंती स्त्री आहे. तिचे दागिने, तिची कंबर, तिचं उभं राहणं नीट बघून ठेवा, जमलं तर कागदावर दोन रेघा ओढून ठेवा. तो कागद पासपोर्टच्या प्रतीबरोबर बॅगेत टाका आणि नेपल्सच्या त्या दालनात काचेसमोर उभ्या राहाल तेव्हा काढा.